जावईबापूंचे कांदे

आमच्या डिंगोरे गावात कांदा चाळीत असतो, टोपलीत असतो, भाकरीबरोबर ताटात असतो. आमच्या घरात मात्र तो बाटलीवर बसलेला असायचा. खिडकीत ओळीनं बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा आणि त्याचं बूड पाण्यात. शेजारणी विचारायच्या, "आरती, ह्ये कोन्तं व्रत गं?" मी म्हणायची, "माझं न्हाई बाई, ह्यांचं."

हे म्हणजे भगवंतराव, माझे यजमान. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. काचेची भांडी धुवायची, मुलांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचा, हे काम. माणूस जीव लावणारा, पण इतका उतावळा, की आधण यायच्या आधी गाळणी घेऊन उभा!

१९९८च्या सुमारास त्यांच्या मॅडमनी डोंगरातल्या औषधी पाल्याची तपासणी हाती घेतली. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटात भिजवून, गाळून, आटवून अर्क काढायचा. तो पाण्यात मिसळून त्यावर कांदा ठेवायचा. कांद्याच्या मुळांच्या टोकाशी पेशी झपाट्यानं वाढतात. अर्कानं ती वाढ थांबली, तर कॅन्सरच्या पेशींना रोखणारं काही त्यात असू शकतं. असू शकतं, एवढंच, असं मॅडम बजावून सांगायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहायची, म्हणून ह्यांनी बाटल्या घरी आणल्या आणि माझी खिडकी गेली.

पाला आणून द्यायचा जानकू, नाणेघाटाकडच्या वाडीतला. त्यातल्या एका वेलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मा तालुका तो उद्या उकळून पिईल. जानकूची बायको साळुबाई. तिच्या छातीत गाठ निघाली होती. पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, पण कापाकापीच्या धास्तीनं ती पार सुकून गेली होती.

आणि एका सकाळी हे ओरडले, "आरतीऽ! मूळच न्हाई!"

मी पिठाच्या हातानं धावले. साध्या पाण्यातल्या कांद्यांना पांढरीशुभ्र मुळं लोंबत होती. वेलाच्या अर्कावरच्या कांद्यांना एक धागा नव्हता. ह्यांनी मला धरून गरकन फिरवलं. लग्नात सुद्धा हा माणूस इतका हसला नव्हता. मलाही आनंद आवरेना. मॅडम गावी गेल्या होत्या, त्यांची वाट बघायला धीर कुणाला? हे तडक ओतूरला पेढे आणायला गेले. बाजारात जानकू भेटला, त्याच्या हातावर पेढा ठेवून ह्यांनी बातमी सांगितली.

"भाऊ, म्हंजे गाठ बी थांबंल?"

"का न्हाई थांबणार?" हे म्हणाले. झालं!

आठवड्याभरात जीपवाल्याबरोबर निरोप आला. साळुबाई पुण्याला जाणार नाही. महादेवाचा वार बघून सोमवारपासून वेलाचा काढा घेणार. हे खूश. मला मात्र हे पटेना. निरोप आला तो दिवस रविवारचा.

त्याच दुपारी माझी आई, चिमाबाई, टोपली घेऊन आली. "जावईबापू, मागच्या खेपंचे कांदं बरं व्हतं ना?"

"एक नंबर, आत्याबाई! औषधाच्या बाटल्यांवर सगळे तुमचेच. साध्या पाण्याला आमच्या टोपलीतले चालले."

आई फुलली. आमच्या माहेरी रीतच आहे, जावयाच्या घरी मिशीवाला, म्हणजे बुडाला मुळं लोंबणारा, कांदा पाठवायचा नाही. "मंग? इळ्यानं बूड पार छाटून, गुळगुळीत करून दिलं व्हतं."

ह्यांचा चेहरा उतरला. कांद्याच्या बुडाला जी चकती असते, मुळं फुटतात ती तिच्यातून. तीच छाटली, तर औषध असो की गंगाजल, मूळ येणार कुठून? आणि औषधाला चांगला माल हवा, म्हणून ह्यांनी नेमके तेच कांदे निवडले होते! मी कपाळाला हात लावला. आई बिचारी विचारतेय, "काय चुकलं का?"

ह्यांनी बाटलीवरचा कांदा उलटा करून बूड बघितलं. मग एम-एटी मोपेड बाहेर काढली. मी मागं बसले. वाडीच्या वाटेवरच्या गणेशखिंडीच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा मी उतरून ढकलली आणि ढकलता ढकलता ह्यांना जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वाडीत पोचलो, तर साळुबाई पाट्यावर वेल वाटत होती. माणसं जमली होती. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "साळुबाई, थांबा. माझं चुकलं. ती तपासणी खोटी ठरली."

"म्हंजे औषद खोटं?"

"ठाऊक न्हाई."

"मंग खरं?"

"त्ये बी ठाऊक न्हाई. विषारी हाय का, त्ये बी न्हाई."

साळुबाईनं वरवंटा आपटला. "मंग तुमाला ठाऊक तरी काय हाय?"

"दवाखान्याची तारीख," हे म्हणाले.

ती ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "मी येते तुझ्याबरोबर. शुद्धीवर येशील तेव्हा समोर मीच असेन." ती पुण्याला गेली. मीही गेले. ऑपरेशन झालं.

सुट्टी संपल्यावर मॅडमनी ह्यांची चांगली हजेरी घेतली आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. कांदे एकाच टोपलीतले आणि सगळे मिशीवाले! ह्या खेपेला हे ओरडले नाहीत. मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि नुसतं बोट दाखवलं. साध्या पाण्यात लांब मुळं, पातळ अर्कात आखूड, जोरकस अर्कात नुसते ठिपके. ओरडले मी! मॅडमसुद्धा हसल्या. पेढे मात्र आणले नाहीत. अर्क पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला, तिथून कळलं, की जोरकस अर्क निरोगी पेशींनाही मारतो.

हिवाळ्यात साळुबाई स्वतः डिंगोऱ्याला आली. पाठीवर पाल्याचं पोतं, चालणं ताठ. दिवाळीच्या सुट्टीमुळं बाटल्या पुन्हा आमच्या खिडकीत आल्या होत्या. ह्यांनी तिला सगळं खरं सांगितलं.

"म्हंजे मी प्याले असते तर..."

तिनं खिडकीतला जोरकस अर्कावरचा कांदा उचलला, बुडावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे चमकले.

"लई जोर हाय की ह्येच्यात! मंग सोडू नका. कमी करून बगा, गाळून बगा, उंदरावर बगा. पाला मी आनते." तिनं पोतं ह्यांच्या पुढ्यात सरकवलं. "किती बी वर्सं लागू द्या, भाऊ. मला आता येळ हाय."