आधी त्यांना विचारा

"ही तुमच्यातलीच आहे. ही सांगेल तुम्हाला नीट."

सरांनी माझ्या पाठीला दोन बोटं लावली आणि मला पुढं सरकवलं. ट्रॉली सरकवावी तसं. भर दुपारी, गच्च भरलेल्या कॅज्युअल्टीत. सिस्टर, ज्युनियर, वॉर्डबॉय, सगळ्यांसमोर. कुणीतरी हसलं. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता, खिशावर डॉक्टर म्हणून नाव होतं. त्या एका वाक्यानं दोन्ही गळून पडली.

समोर सुमन उभी होती. तिचा नवरा पलूसकडच्या खाणीत दगडाखाली सापडला होता. डोक्याला मार, शुद्ध नाही. तिच्या लुगड्यावर त्याचं रक्त वाळलं होतं. ती वडार. मी पण वडार. माझ्या बापाचा एक डोळा दगडाची कपची उडून गेलाय. हे मी कॉलेजात कधी लपवलं नव्हतं, पण असं कुणी चारचौघांत मांडलंही नव्हतं.

आमच्या विभागात एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ते लवकर दिलं तर फरक पडतो का, हे बघायचं होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय गेलं ते डॉक्टरलाही कळत नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांना सारखेच. यात वाईट काही नाही. असं केल्याशिवाय औषध चांगलं की वाईट कळणार कसं? फक्त विचारावं लागतं. माणूस बेशुद्ध असेल तर घरच्यांना. आणि घरचे तेव्हा रडत असतात, डॉक्टर घाईत असतात. सगळी अडचण तिथंच.

या अभ्यासावर माझी नेमणूक त्याच आठवड्यात झाली होती. मला आनंद झाला होता. वाटलं, आपली हुशारी बघून घेतलं.

पडद्यापलीकडच्या पलंगावर दुसरा पेशंट होता. शिराळ्याकडच्या बागायतदाराचा मुलगा. मोटरसायकलवरून पडलेला. त्यालाही तसाच मार. तोही अभ्यासात बसत होता. त्याचे वडील निवृत्त सुभेदार. सरांनी त्यांना खुर्ची दिली होती, चहा मागवला होता.

मी हळूच म्हटलं, "सर, त्यांनाही विचारायचं ना?"

"त्यांच्या नादाला लागू नकोस. हजार प्रश्न विचारतील. तू हिला बघ. तुला नाही म्हणणार नाही ती."

तेव्हा मला कळलं, माझी नेमणूक कशासाठी झाली होती.

सर वाईच्या जुन्या डॉक्टर घराण्यातले. हात फार चांगला. मरायला टेकलेली माणसं त्यांनी परत आणलेली मी पाहिलीत. म्हणूनच ते त्यांच्या तोंडून ऐकणं जड गेलं.

मी सुमनला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. औषध नवं आहे. उपयोग होईल की नाही ते आम्हालाही माहीत नाही. कदाचित नुसतं पाणीच मिळेल. तुम्ही नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "आक्का, तू म्हनशील तसं. तू आमच्यातलीच न्हवं?"

"मी म्हणायचं नाही. तुम्ही ठरवायचं."

तिनं पडद्याकडं मान केली. "त्या पोराला बी हेच देनार हायसा?"

"त्यांना अजून विचारलं नाही."

"का?"

मी संमतीचा कागद उगाच चाळला.

"मग आधी त्यास्नी इचार. मग माझ्याकडं ये."

मी पडदा बाजूला केला. सुभेदारांपुढं उभी राहिले आणि तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्या पोरावर प्रयोग? आवं डॉक्टर, असल्या कामाला दुसरी मानसं मिळत न्हाईत व्हय?"

पडदा कापडाचा होता. सुमननं सगळं ऐकलं. मी परत गेले तेव्हा तिनं नुसती मान हलवली. नको.

सर मला औषधांच्या कपाटाजवळ घेऊन आले. आवाज खाली नव्हता.

"कुणी सांगितलं त्यांना विचारायला? वेळ चाललाय. परत जा त्या बाईकडं. औषध चांगलं आहे म्हण, फुकट आहे म्हण. आणि नंतर सुभेदारांची माफी माग."

"ती नको म्हणाली, सर."

"कोट्यातून येता आणि आधी तोंड चालवायला शिकता."

मी हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"व्हय, कोट्यातनं आले. म्हणूनच मला पुढं केलंत न्हवं? मी न्हाई विचारणार. माफी पण न्हाई."

कॉलेजात आल्यापासून मी 'न्हाई' सोडून 'नाही' म्हणत होते, 'व्हय' सोडून 'हो' म्हणत होते. त्या वेळी तोंडातनं घरचंच आलं. सिस्टर सलाईनची बाटली धरून तशीच उभी राहिली. या वेळी कुणी हसलं नाही.

मला अभ्यासातून काढलं. असल्या अभ्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीकडं मी तक्रार केली. त्यांनी बोलावलं आणि विचारलं, "सरांशी आधीपासून वाद आहे का?" मी जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. पुढं त्यांनी काही कळवलं नाही. अभ्यास चालूच राहिला. बरोबरचे कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर बसेनात.

सुमनचा नवरा जगला. उजवा हात मात्र लुळा पडला. त्या हातानं तो दगड फोडायची सुतकी मारायचा. ते औषध मिळालं असतं तर हात वाचला असता का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हा प्रश्न मला सोडत नाही. पण तिचं 'नको' मी मोडलं असतं, तर मी डॉक्टर उरले नसते, दलाल झाले असते.

आता मी साताऱ्याकडच्या एका दवाखान्यात अपघात विभागात आहे. इथं नवा अभ्यास यायचाय. विषबाधेच्या पेशंटवर. मी त्यात जाणार. बाजूला राहून काय होणार? शेतात फवारणी करणाऱ्या माणसाला कोणतं औषध वाचवतं, हे मला कळायलाच हवं. पण पहिल्याच बैठकीत मी उभी राहून सांगितलं, अभ्यासात बसेल त्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना विचारायचं. खाजगी खोलीतल्यांनाही. पुढाऱ्याच्या पाहुण्यालाही.

"माणसं मिळणार नाहीत मॅडम. अभ्यास रखडेल," एकजण म्हणाले.

रखडू दे. मी विचारणार. कुणी अंगावर आलं तरी विचारणार. आणि ज्याच्या मागं कुणी नाही, तो नको म्हणाला की तिथंच थांबणार. हे जमत नसेल तर अभ्यास दुसरीकडं न्या. माझ्या कॅज्युअल्टीत तो होणार नाही.