जिथे कोणी ओळखत नाही

देवकर बाईंनी मला नकाशा वाचायला शिकवला. आमच्या तालुक्याच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. बारावीनंतर मुंबईत वसतिगृह मिळावं म्हणून त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या होत्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. आज दादरच्या एका टूर कंपनीत डोंगरातल्या सहली आखतो, तेही त्यांचंच देणं. म्हणून सावंतांचं प्रकरण हाताबाहेर गेलं तेव्हा मी त्यांनाच लिहिलं.

सावंत काका-काकू लालबागच्या चाळीतले. काका बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चार महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, नीलेश, तापाने गेला. चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. त्यामुळे समाचाराला येणारी माणसं अजून थांबली नव्हती. कोणी डबा घेऊन यायचं, कोणी नुसतंच बसायचं, आणि काकूंना दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. दोघांना आठवडाभर कुठेतरी जायचं होतं.

मी उत्तराखंडात, कुमाऊंच्या डोंगरांतल्या दोन जागा काढल्या. एक, उतारावरचं छोटं गाव. गाड्या वेशीवरच थांबतात, पुढे सगळं पायी. होमस्टे, चहाचं दुकान, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. दुसरी, दरीपलीकडे देवदारांत एकटी लाकडी केबिन. जेवण आणून देतात, बाकी दिवसभर माणूस दिसत नाही. दोन्हींवर होल्ड टाकला, म्हणजे पैसे न भरता जागा संध्याकाळपर्यंत अडवून ठेवली.

काकांनी केबिनच्या फोटोवर बोट ठेवलं. "हीच बघ. गावात गेलं की पहिला प्रश्न काय? मुलं किती. माका ता नको."

दुपारी काकूंचा वेगळा फोन आला. घरी माणसं येतात म्हणून हे त्यांच्याशी तरी बोलतात, नीलेश गेल्यापासून माझ्याशी धड बोललेले नाहीत, असं त्या म्हणाल्या. "त्या लाकडाच्या खोलीत मी काय भिंतीशी बोलू?"

आमच्या मॅनेजर प्रधान मॅडमना मी हे सांगितलं. क्लायंटने केबिन मागितली तर केबिन दे, आपण समुपदेशक नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मॅडम, क्लायंट दोन आहेत.

"मग तूच ठरव. पण होल्ड सुटायच्या आत. सीझन आहे."

मी गाव ठरवलं. काकांना पटवायला एकच मुद्दा पुढे केला: तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, मग समाचाराला येणार कोण? काकांनी मान डोलावली.

ते पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी होमस्टेचे मालक बिष्टजी यांचा फोन आला. मोठ्या उत्साहाने हिंदीत विचारत होते, माताजींचा मुलगा रविवारी येणार आहे ना, त्याच्यासाठी वरची खोली तयार ठेवू का? कळवतो म्हणून ठेवला आणि काकांना लावला.

काकांनी सांगितलं, चहाच्या दुकानातल्या बाईने मुलं किती म्हणून विचारलं होतं. काका उठून निघणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, एक मुलगा, नीलेश, मुंबईत नोकरीला असतो. मग देवळात तेच. मग पाण्याच्या नळावर. त्याचा पगार वाढलाय, त्याच्यासाठी मुली बघतोय, रविवारी तो इथे येणार आहे. गाव पायी फिरण्यासारखं होतं, त्यामुळे एका दिवसात ते सगळ्यांना सांगून झालं.

"पोटभर जेवते. हसते पण," काका म्हणाले. "मला इथून काढ रे बाबा."

केबिनचं एक बुकिंग नेमकं रद्द झालं होतं. ते मी दोघांसाठी घेतलं आणि कळवलं. या वेळी फोन काकूंनी घेतला.

"ह्यांना पाठव तिकडे. मी नाही हलणार. चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे तो गेला. इथे कोणाला ठाऊक नाही."

उरलेले दिवस काका केबिनमध्ये राहिले, काकू गावात. मधे दरी.

परत आल्यावर काका एकटेच ऑफिसात आले. टेबलावर एक लोकरीची टोपी ठेवली. चहावालीने नीलेशसाठी विणलेली, डोक्याचं माप काकूंनी सांगितलेलं.

"ही परत पाठव."

"काय सांगून पाठवू, काका?"

त्यांनी टोपी माझ्याकडे सरकवली. "ती आता दार लावून बसते," मग म्हणाले. "चाळीत आमचंच एक दार बंद. उघडलं की माणसं येऊन रडतात ना."

आमच्या धंद्यात आम्ही रस्ता सांगतो, उंची सांगतो, गरम पाणी आहे की नाही ते सांगतो. तिथे गेल्यावर माणूस परत यायला तयार होईल की नाही, हे सांगता येत नाही. बाईंना पाठवलेलं पत्र खाली देतो.

ती. बाईंना सा. नमस्कार,

सावंतांचं सगळं आधीच्या पत्रात लिहिलंच आहे. आज सकाळी काकूंचा फोन आला. पुढच्या महिन्यात तेच गाव हवंय, एकटीसाठी. हो म्हटलं तर काका त्या बंद दारामागे एकटे राहतात. नाही म्हटलं तर नीलेश दुसऱ्यांदा जातो, आणि या वेळी माझ्या हातून. टोपी माझ्या ड्रॉवरमध्येच आहे.

काय करावं ते तुम्हाला विचारावंसं वाटलं. खोलीवर होल्ड टाकलाय, तो आज संध्याकाळपर्यंतचा. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तो सुटलेला असेल.

तुमचा,
संतोष