झुलाल पेंटरचा पांढरा हात

शिंदखेड्याच्या झुलाल पेंटरनं आयुष्यभर एकच नियम पाळला होता: चुकलं की पांढरा हात मारायचा. दुकानाच्या पाटीवर 'किराणा'तला काना वाकडा गेला, की त्यावर पांढरा रंग फिरवायचा, तो वाळेपर्यंत बिडी ओढायची आणि नवा काना काढायचा. गावातली अर्धी दुकानं अशा पांढऱ्या हातांवर उभी होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

दर श्रावणात भाऊबंदांच्या कानबाईच्या उत्सवाचा कापडी फलकही तोच रंगवी. नारळाची देवी, तिची नथ, टपोरे डोळे, आणि खाली कोपऱ्यात 'झुलाल आर्ट'. यंदा मात्र भाऊबंदांतले वडीलधारे जीवराम आबा म्हणाले की फलक कॉम्प्युटरवर केलेलाच हवा, फ्लेक्सचा. झुलालला जमत असेल तर ठीक, नाहीतर धुळ्यात करणारे पुष्कळ आहेत. झुलालच्या डोळ्यांपुढं कानबाई उभी राहिली आणि तिच्या कोपऱ्यात भलत्याच कुणाचं नाव.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तो धुळ्याला, देवपुरात भाचीच्या दारात हजर. सारिकाचं तिथं डिझाइनचं छोटं दुकान. तिनं मामाला चहा पाजला आणि माउस हातात दिला. झुलालनं तो ब्रशसारखा चिमटीत धरून हवेत उचलला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

मग चौकोन जमला. गोल लांबट झाला, तर तो म्हणाला, नारळ लांबटच असतो. पण पेन नावाच्या हत्यारानं त्याचा घाम काढला. त्यानं म्हणे रेघ ओढायची नसते. इथं एक ठिपका, तिथं एक ठिपका, आणि जरा ताणलं की रेघ आपोआप वाकते. ती भलतीकडेच वाकली आणि कानबाईच्या नथीची बैलाची वेसण झाली.

"मामा, चुकलं की ही दोन बटनं दाबा. मागचं परत येतं," असं म्हणून सारिका गिऱ्हाइकाकडे वळली.

झुलालनं बटनं दाबली ती सोडलीच नाहीत. वेसण गेली. तिच्या मागोमाग नाकही निघालं, डोळाही निघायच्या बेतात.

"सारिका, नाक गयं बाई. आते डोया बी चालना."

तिनं धावत येऊन देवी परत आणली, पण झुलालनं त्या बटनांचा धसकाच घेतला. देवीला पुसणारं यंत्र त्याला मान्य नव्हतं. मग त्याला चौकोन आठवला. चौकोन काढायचा, पांढरा भरायचा, चुकीवर ठेवायचा. हा तर आपलाच धंदा! सारिका पाठमोरी असताना त्यानं त्या पांढऱ्या पानावर भराभर पांढरे हात मारले. संध्याकाळी कानबाई अशी टवटवीत उभी राहिली, की सारिकाही वा म्हणाली. कोपऱ्यात नाव घालताना पेंटरचे डोळे भरून आले. चित्र छापायला गेलं.

तिकडे आबांनी छापणाऱ्याला परस्पर फोन केला: देवीच्या मागं पांढरं कशाला, हळदीसारखं पिवळं कर. त्यानं केलं. मधूनमधून पांढरं राहिलं, ती त्याला नवी फॅशन वाटली.

रविवारी गल्लीच्या तोंडाशी बांबूंवर फ्लेक्स उलगडला. कानबाई हसत होती, आणि नथीजवळ, कानाजवळ, कपाळाच्या वर नुसते पांढरे चौकोन. देवी जणू पट्ट्या बांधून थेट दवाखान्यातून आली होती.

आबांनी मान वर करून पाहिलं. "झुलाल, या चिंध्या कसान्या शेतस?"

झुलाल घरी पळाला. नैवेद्याच्या रोटाची कणीक मळत असलेल्या बायकोनं, प्रमिलाबाईनं विचारलेलं त्याला ऐकूही आलं नाही. पिवळ्या रंगाचा डबा घेतला, लवकर वाळावा म्हणून त्यात टर्पेंटाइन जरा जास्तच ओतलं आणि शिडी लावली. वर चढल्यावर हात पुन्हा पेंटरचा झाला. एक चौकोन झाकला, दुसरा झाकला. पण हे कापड नव्हतं. गुळगुळीत फ्लेक्सवर रंग ठरेना. पिवळे ओघळ देवीच्या गालावरून निघाले ते सरळ 'झुलाल आर्ट'वर उतरले.

कानबाईची वाजंत्री वळणावर आली होती. एक थेंब खाली आबांच्या टोपीवर पडला. आबांनी टोपी काढून पाहिली. वर झुलालची डाव्या हाताची दोन बोटं शिडीचा दांडा सारिकाच्या त्या दोन बटनांसारखा दाबत राहिली, पुन्हा पुन्हा.