चोरीचं नको म्हणणारा क्लास

गेवराईला हायवेच्या कडेला, एका टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर, आम्ही दोघा मित्रांनी कॉम्प्युटर क्लास काढला होता. शतक नुकतंच बदललं होतं. कॉम्प्युटर आल्याशिवाय आता नोकरी नाही, असं लोक चहाच्या टपरीवरही बोलायला लागले होते. तालुक्यात आणखीही क्लास होते. सगळीकडे एका मोठ्या परदेशी कंपनीची सिस्टीम शिकवत, आणि ती कॉपी केलेल्या सीडीवरून टाकलेली असे. औरंगाबादच्या फुटपाथवर तशी सीडी भाजीच्या भावात मिळायची. त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

माझ्या मित्राला वाटायचं. तो परळीचा. देवळाजवळ घरचं पूजासाहित्याचं दुकान, घरात भस्म लावून शिवपूजा झाल्याशिवाय चहा नाही. इंजिनिअरिंग करताना त्याला लिनक्सचा नाद लागला. कुणीही वापरावं, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं, असं ते मुक्त सॉफ्टवेअर. त्याला ते घरच्या धर्मासारखं पटलं. क्लासच्या पहिल्या दिवशीच म्हणाला, "चोरीचं शिकवायचं न्हाई. आन जे दुसऱ्याला देता येत न्हाई, ते इकतबी घ्यायचं न्हाई."

मी मान हलवली. मला तेव्हा एवढंच कळत होतं की हे फुकट आहे.

पोरं यायची, दोन आठवडे बसायची आणि दुसऱ्या क्लासला जायची. टिकली ती एक मुलगी. उमापूरकडच्या वस्तीवरची, मेंढपाळ घरातली. बारावी झालेली, गेवराईत आत्याकडे राहायची. मित्र जे सांगायचा ते बाकीचे ऐकून सोडून द्यायचे. ही खरंच उघडून बघायची. एकदा तिनं तारखा सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम घेतला आणि महिनाभर त्याच्याशी झटून तो बदलला. मेंढी कधी फळली ते त्यात घातलं की ती कधी विणार ते तो सांगायचा. मित्र त्या दिवशी जेवलाच नाही. एकेका पोराला बोलावून तो प्रोग्राम दाखवत राहिला.

त्याच वर्षी जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. तालुक्याला ऑपरेटर घेणार होते, आणि आधी मशीनवर प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा होती. परीक्षा त्या कंपनीच्या सिस्टीमवर होणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

मी मित्राला म्हणालो, "एका मशीनवर टाकू की ती. परीक्षेपुरती."

"मग पोरांना काय सांगायचं? नोकरी असली की चोरी चालती?"

"विकत घेऊ."

"इकत घेतली तरी कुलूपबंद पेटीच ती. आत बघता येती का?"

मुलगी तिथंच होती. तिनं विचारलं, "सर, मी आठ दिवस दुसऱ्या क्लासला जाऊ का?"

"जा की. मी कावून अडवू? पन गरज न्हाई. तुला आतलं कळतंय. आतलं कळतंय त्याला वरचं काय अवघड हाय?"

ती गेली नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

परीक्षेहून ती थेट क्लासवर आली. खुर्ची ओढून बसली आणि काय झालं ते सांगितलं. मराठीत एक पत्र टाइप करायचं होतं. अक्षरं मराठीत कशी आणायची तेच तिला सापडेना. सापडलं तेव्हा कळांची जागा वेगळी निघाली. देखरेखीवरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, एवढं येत नाही तर आलीस कशाला. शेजारचा पोरगा, आमच्याकडून सोडून गेलेला, पत्र छापून बाहेरही पडला होता.

"सर, मला येत होतं," ती म्हणाली. "पन तिथं जे मांडलं होतं ते येत न्हवतं."

"पुढच्या वेळेला..." मित्रानं सुरुवात केली.

"पुढची वेळ तुमाला हाय, सर. तुमच्या घरी दुकान हाय."

आवाजात राग नव्हता. गाडी किती वाजता आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मित्रानं मला सायबर कॅफेत नेलं. देशभरातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा एक ईमेलचा गट होता, त्यावर त्यानं सगळं लिहिलं. उत्तरं आली. एकानं लिहिलं, मुलीनं तालुक्याला निवेदन द्यायला हवं होतं. दुसऱ्यानं लिहिलं, तत्त्वाची किंमत मोजावी लागते. मित्रानं एका ओळीत विचारलं, किंमत कोणी मोजायची? ते सोडून, असल्या सॉफ्टवेअरला 'मुक्त' म्हणावं की 'खुलं' म्हणावं, यावर पुढं किती दिवस तरी भांडण चाललं. दोन्हीकडची माणसं हुशार होती. आठवड्यानं पुन्हा कॅफेत जाऊन मित्रानं ते थोडं वाचलं आणि उठला.

"चल बे," म्हणाला. त्या गटावर तो पुन्हा गेला नाही.

नोकरी हुकली, आणि उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं. सासर मेंढ्यांमागं फिरणारं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून नगरकडं निघायचं ते पावसाच्या तोंडावर परतायचं.

तिच्या लग्नाच्या आठवड्यात मित्रानं औरंगाबादहून फुटपाथवरची ती सीडी आणली आणि आपल्या हातानं सगळ्या मशीनवर टाकली. मला वाटलं होतं, आता तरी क्लास चालेल. चाललाही. पोरं वाढली. पण तो नुसता कुठली कळ दाबायची ते सांगायचा. कुणी "का" विचारलं तर म्हणायचा, "दाब. परीक्षेत येतंय." वर्षभरानं एका सकाळी म्हणाला, की मी परळीला जातो, तू सांभाळ. माझ्या एकट्याच्यानं ते झालं नाही. पावसाळ्याआधी मी कुलूप लावलं.

पुढं एकदा गेवराईच्या स्टँडवर ती भेटली. कडेवर मूल, अंगानं अर्धी झालेली. मी ओळखलं नाही. तिनंच हाक मारली. नगरच्या रानात पहिलं मूल तापानं गेलं, हे तिनं मी न विचारताच सांगितलं. मग सरांची चौकशी केली.

"माझा त्यांच्यावर राग न्हाई म्हनावं," ती म्हणाली. तेवढ्यात तिची गाडी लागली.

मी मुद्दाम परळीला गेलो. वीजकेंद्राची राख दुकानातल्या बरण्यांवर बसलेली, तो फडक्यानं पुसत होता. मी निरोप सांगितला, तिचं पहिलं मूल गेल्याचंही सांगितलं. तो पुसायचा थांबला.

"मी चुकलो असं मला अजून म्हनता येत न्हाई," तो म्हणाला. "आन बरोबर होतो असंबी म्हनवत न्हाई. तिला राग असता तर बरं झालं असतं."

गिऱ्हाईक आलं. त्यानं धूप मागितला. मित्रानं तो काढून दिला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यानं उरलेल्या बरण्या पुसून घेतल्या.