ताईच्या तळहातांची खाज

शेजारच्या अंगणात कुणीतरी बाळंतिणीच्या न्हाणीसाठी कडुनिंबाचा पाला उकळत ठेवला आहे. त्याचा कडवट, हिरवा वास खिडकीतून आत येतो आणि हातातलं काम बाजूला ठेवून मी नुसती बसून राहते. माझ्यासाठी हा वास न्हाणीचा नाही. तो सौंसरचा आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचा.

देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास ताई पांढुर्ण्याहून सौंसरला नांदायला गेली. भावजी तिथल्या शाळेत मास्तर, घरची थोडी संत्र्याची बाग आणि कपाशी. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी सोबतीला जाऊन राहिले होते. सरत्या महिन्यांत तिच्या तळहातांना नि तळपायांना खाज सुटली. पुरळ नाही, गांधी नाहीत, कातडी स्वच्छ; खाज मात्र हाडातून उठावी तशी. ओसरीच्या खरबरीत फरशीवर ती तळपाय घासत बसे. सासूबाई पाला उकळून तिला आंघोळ घालत, जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलत. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा गळ्यात काविळीची माळ आली. मूल पोटातच गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाज पार नाहीशी झाली, जणू त्याला न्यायलाच आली होती.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण दुःखाला कारण लागतं. ताईनं डोहाळ्यांत चिंचा खाल्ल्या, पित्त खवळलं, त्यानंच पोर गेलं, असं त्या आल्यागेल्याला सांगत. ताईनं ते ऐकून घेतलं, आणि खरंही मानलं.

भावजी तिला नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी सारं शांतपणे विचारून घेतलं. अशा बायका मी पाहिल्या आहेत, म्हणाल्या; पुन्हा खाज सुटली की तडक या, दिवस भरायची वाट पाहू नका, मी मूल आधीच मोकळं करीन. त्या शब्दावर ताईनं पुढची वर्षं काढली.

पुन्हा दिवस गेले ते नेमके राज्यं नव्यानं मांडली गेली त्या साली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. बोली तीच होती, सोयरीक तीच, रामाकोन्यावरून नागपूरला जाणारी छोटी गाडीही तीच. खाज सुटताच आम्ही तिला घेऊन त्या गाडीनं गेलो. पण डॉक्टरीणबाई सरकारी नोकरीतल्या. वाटणीत त्यांची बदली भोपाळकडे झाली होती. म्हणजे त्या आमच्याच राज्यात आल्या होत्या, आणि आमच्यापासून किती दूर! त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी मलम दिलं, खाजेपायी कुणी बाळंतपण आधी करत नाही असं समजावलं आणि आम्हाला परत पाठवलं.

पुढे एका दुपारी, वेचलेला कापूस घरात येत असताना, ताईनं मला जवळ बोलावलं. "हात ठेव बरं इथं," ती म्हणाली. "सकायपासून हालून नाही राहिलं."

त्यानंतर ती कधी धजावली नाही.

खूप वर्षांनी माझ्या लेकीनं पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या, आणि तिच्या तळहातांना तीच खाज सुटली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि विचारलं, घरात कुणाला गर्भारपणात असं झालं होतं का? मी सांगू लागले, तसे ते गंभीर झाले. काही बायकांच्या यकृताला ती संप्रेरकं सोसत नाहीत, म्हणाले. मग ती गर्भारपणात अंगात वाढलेली असोत की गोळीतून आलेली. पित्त आतड्यात उतरायचं ते यकृतातच तुंबतं, रक्तात मिसळतं, अंगाला खाज सुटते, आणि पोटातल्या जिवालाही ते भोवतं. खाण्यापिण्याचा त्यात काही दोष नाही.

मी तडक सौंसरला गेले. भावजी तोवर गेले होते, सासूबाई तर कधीच्याच. ताईला जमेल तसं समजावलं.

"मंग माह्याच्यानं नाही गेले ते?"

"नाही ताई."

"सासूबाईले कोणी हे सांगाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "त्या बी झुरतच गेल्या."

जाणतेपण उशिरा येतं, याचं मला आता नवल वाटत नाही. ते येईल तेव्हा ऐकायला कुणीतरी मागे उरलेलं असावं, एवढंच वाटतं. त्या संध्याकाळी ताईनं मला त्या दोन मुलांसाठी मनात धरलेली नावं सांगितली. भावजींनाही तिनं ती कधी सांगितली नव्हती. ती नावं मी इथं लिहीत नाही. ताई गेल्यापासून ती फक्त मला ठाऊक आहेत.