वाल्मीरची शिट्टी

दीड महिना झाला. सोमवारी कँटीनमध्ये जेवणाचं ताट हातात होतं आणि मुलींच्या संघाच्या ग्रुपवर क्लबचा निरोप आला, आपले ट्रेनर वाल्मीर आज पहाटे गेले. मला धक्का बसला नाही, आणि त्याचीच लाज वाटते. मला शुक्रवारपासून ठाऊक होतं...

वाल्मीर ब्राझीलचा. एकविसाव्या वर्षी जर्मनीत फुटबॉल खेळायला आला, गुडघा गेला, मग ट्रेनर झाला. सायप्रस, ओमान, व्हिएतनाम, एक मोसम आपलं गोवासुद्धा. चार सामने हरले की क्लब हातात नारळ द्यायचा. शेवटी वोल्फ्सबुर्गजवळच्या आमच्या गावात तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना शिकवायला आला. माझी यशोधरा त्यांतलीच. गोव्याहून त्यानं एकच शब्द आणला होता, 'चला'. सगळ्या जर्मन मुली 'चला, चला' करत पळायच्या. मी ऑफिसातून थेट मैदानावर जाऊन पाण्याच्या बाटल्या भरायची.

फेब्रुवारीत त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "आजपासून तू वाजव." अहो, काय सांगू, मी तरंगतच घरी आले. नागपूरला आईला फोन लावला, म्हटलं, मी आता असिस्टंट ट्रेनर. आई म्हणाली, "बाई, रोजची वस्तू माणूस अशी उतरवून देत नाही गं." मनात पाल चुकचुकली, पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं माझं झालं होतं. हळूहळू त्याचं 'चला'ही बंद झालं. गोलपोस्टला धरून उभा राहायचा, हातानंच खुणा करायचा. यशोधरा गाडीत जर्मनमधून म्हणाली, ट्रेनर हल्ली ओरडत नाहीत. मी म्हटलं, बरंय की, निवळलाय म्हातारा.

त्या शुक्रवारी सराव संपला, मुली कपडे बदलायला गेल्या आणि तो गोलमागे गवतात बसला. ओठ निळसर. मी जवळ गेले तर म्हणाला, "हृदय. डॉक्टर म्हणतात, लगेच भरती हो." क्लबला कळवायला मी फोन काढला, तसं त्यानं माझं मनगट धरलं. धाप लागत होती, शब्द तुटत होते. "अकरा ठिकाणांहून मला काढलं. इथून मला कुणी काढायचं नाही. जूनपर्यंत... मोसम संपेपर्यंत... कुणाला सांगू नकोस."

मी 'बरं' म्हटलं. त्याला घरी सोडलं, जिना चढताना तो दोनदा थांबला, तेही पाहिलं. दिलेला शब्द मोडायचा नाही, या शिकवणीचा मला फार अभिमान. तो त्या दिवशी मोडायला हवा होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यशोधराला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

शिट्टी दाराशी किल्ल्यांच्या हुकाला असते. नवा ट्रेनर अजून मिळालेला नाही. मंगळवारी मुली रांगेत उभ्या राहतात, माझ्याकडे बघतात आणि मी शिट्टी ओठांना लावते. एवढासाच श्वास लागतो हो तिला... एवढासाच.