बोटामागे डोळे

मी सेफ्टी ऑफिसर आहे. साइटवर कुणी हेल्मेटशिवाय दिसला की माझं डोकं फिरतं, आणि घरी स्टुलावर चढून पंखा पुसायचा असेल तर बायको आधी मी घरात नाही ना, याची खात्री करून घेते. बहरीनमध्ये सतरा वर्षं मी हेच करत आलो आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांचे रिपोर्ट लिहायचे.

असा हा माणूस दोन वर्षं स्वतःच्या मुलीला गाडीतून नेऊ शकत नव्हता. एकटा असलो की चालवायचो, तेही अशा वेगाने की मागचे लोक हॉर्न वाजवून दमायचे. पण लेक शेजारच्या सीटवर येऊन बसली की तळहातांना घाम फुटायचा आणि पाय ब्रेकवरून हलायचा नाही. मग मला अचानक मीटिंग आठवायची. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी मीटिंग! लेक काही न बोलता उतरायची आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून क्लासला जायची.

कारण सगळ्यांना माहीत होतं. झल्लाकच्या किनाऱ्यावरून परत येताना पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, आमची गाडी गर्रकन फिरली आणि दुभाजकावर आदळली. गाडीत आम्ही दोघंच, मी आणि लेक. एअरबॅग उघडल्या, कुणाला साधं खरचटलंही नाही. ‘दुखापत : नाही’ असं मीच रिपोर्टात लिहिलं होतं.

लेकीची बारावी झाली, पुण्याच्या कॉलेजात प्रवेश ठरला, तेव्हा बायकोने विषय काढला.

“विमानतळावर आम्हाला कोण सोडणार?”

“टॅक्सी आहे की.”

“तुझ्या साइटवर एखादा ड्रायव्हर असा वागला असता तर काय केलं असतंस?”

“डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय त्याला गाडीला हात लावू दिला नसता,” मी तत्परतेने म्हणालो आणि फसलो.

अपघाताची भीती घालवणाऱ्या थेरपिस्टकडे जायचं ठरलं, पण ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये मी सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. हे अगदीच खोटं नव्हतं, कारण या उपचारात डोळेच फिरवायचे होते. पण आपल्या लोकांना आजार सांगणं म्हणजे घरपोच औषधं मागवणं. आठवड्याभरात सनाबिसमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मराठी घरातून काहीतरी आलं. त्रिफळा चूर्ण, गुलाबपाणी, गाजराचा हलवा, आणि एका काकूंकडून घरी पाडलेलं काजळ. मी सगळं निमूट घेतलं आणि हलवा संपवला.

थेरपिस्ट बाई केरळच्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. अंधारी खोली, डोळ्यांसमोर हलणारं घड्याळ, घोगरा आवाज, अशा सगळ्या तयारीने मी गेलो होतो. तिथे लख्ख उजेड, साधी खुर्ची आणि बाईंची दोन बोटं. प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र मनात आणायचं आणि त्याच वेळी नजर त्या बोटांमागे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे न्यायची. बोटं थांबली की मनात आलं ते सांगायचं. आठवण पुसली जात नाही, तिचा त्रास कमी होतो, असं त्या म्हणाल्या.

“उस पिक्चर के साथ अपने बारे में क्या लगता है?”

“मैं मूर्ख हूँ.”

“ये आपका ओपिनियन है या वाइफ का?”

बाई हुशार होत्या. त्रास किती, ते शून्य ते दहामध्ये सांगायचं होतं. मी साडेसात म्हणालो. अर्धा आजवर कुणीच मागितला नव्हता म्हणे. मग बोटं सुरू झाली आणि मी फेऱ्या मोजू लागलो. तिसऱ्यांदा बोटं थांबल्यावर बाईंनी विचारलं, मनात काय आलं? मी म्हणालो, “मॅडम, ऐसे आपका कंधा जाएगा. कुर्सी थोड़ी ऊपर लीजिए.”

चार वेळा गेलो, आकडा साडेसातावरून हलेना. आतून मला बरंच वाटत होतं. उपचारपद्धतीतच दोष आहे असा रिपोर्ट मी मनात लिहायलाही घेतला होता.

पाचव्या वेळी मोजता मोजता आकडा चुकला. दुभाजक आला, एअरबॅगमधली पांढरी पूड आली, आणि मग मध्येच एक उंट आला. पिकअपच्या मागे ऐटीत बसलेला, वाऱ्यावर मान ताणलेला उंट. त्यामागून लेकीचा आवाज आला, “बाबा, लुक!” आणि मी बघितलं होतं. चांगला बघितला, हसलोही. पुढच्या गाडीचा ब्रेक मला अचानक वाटला, कारण मी उंट बघत होतो. माझ्या रिपोर्टात उंट नव्हता.

बोटं चालूच होती. गाडी थांबल्यानंतरचं चित्र आलं. त्या पांढऱ्या पुडीत लेक माझ्याकडे बघते आहे, आणि मी तिला लागलंय का हेसुद्धा न विचारता ओरडतो आहे, “गाडीत गप्प बसता येत नाही का तुला?” ती रडली नाही. तिने नुसते ओठ मिटले.

“नंबर?” बाईंनी विचारलं.

“दस,” मी म्हणालो आणि ढसाढसा रडलो. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “शेजाऱ्यांच्या गाडीतही ती एक शब्द बोलत नाही. तिची मैत्रीण म्हणाली होती मला. मला वाटलं, घाबरली असेल.”

घरात दिवसभर टकळी चालवणारी माझी पोर दोन वर्षं कुणाच्याही गाडीत बोलली नव्हती, आणि मी लिहिलं होतं, दुखापत नाही.

आणखी तीनदा गेलो. आकडा दोनावर आला. तेवढा राहू दे, म्हणालो.

जायच्या दिवशी दुपारी गाडी मी काढली. लेक शेजारी, तिला पोचवायला जाणारी बायको मागे बॅगांमध्ये डोळे मिटून. ती झोपलेली नव्हती, मला माहीत होतं. घाम आला, पण पाय हलला. मुहर्रकच्या पुलावर मी म्हणालो, “त्या दिवशी चूक माझी होती. उंट मी बघत होतो. तुझ्यावर ओरडलो, ते फार वाईट केलं.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पूल संपला तरी काही बोलली नाही. मला वाटलं, उशीर झाला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “लुक.”

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “तू बघ आणि मला सांग.”

तिने सांगितलं. एका छोट्या गाडीच्या टपावर कुणीतरी सोफा बांधून चालला होता. मग सोफ्यावरून तिच्या वर्गातल्या कुणा मुलीचा विषय निघाला, मग हॉस्टेल, मग तिथल्या मेसबद्दल काय काय ऐकलंय ते. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, श्वास न घेता. विमानतळाचा फाटा आला आणि गेला. मी मोठा वळसा घेऊन परत आलो. दुसऱ्यांदाही तो गेला.

मागून बायकोचा आवाज आला, “अरे, फाटा दिसत नाहीये का तुला?”

“डोळ्यांचा त्रास आहे,” मी म्हणालो आणि दुसरा वळसा घेतला.